कोरी करकरीत

मटार सोलता सोलता रूपानं ते सांगितलं, आणि सांगून होताच एक किडका दाणा निवडून बाजूला टाकला. मुकुंदवाडीतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात थंडीतलं ऊन ओट्यापर्यंत आलं होतं. आतल्या खोलीत मृण्मयी झोपली होती, म्हणजे गोळ्यांनी तिला झोपवलं होतं. दमयंती तिचा, धाकट्या बहिणीचा, कप विसळायला उभी होती. त्यात दोन घोट चहा तसाच उरला होता, आणि तो ओतून टाकावा की नाही एवढ्याच विचारात तिचा हात नळावर थांबला होता. रूपा ही मृण्मयीची थोरली नणंद. दवाखान्यानं घरी न्यायला सांगितलं तेव्हा भावाच्या, वैजनाथच्या, एकट्याच्यानं निभायचं नाही म्हणून ती जालन्याहून आली, आणि आल्या दिवसापासून पदर खोचून तिनं घर ओढायला घेतलं. भावजयीचं अंग पुसणं, चादरी बदलणं, कशालाच तिनं नाक मुरडलं नाही. तिला वाईट म्हणायची सोय नव्हती. "अक्का, एक बोलते, मनाला लावून घेऊ नका," ती म्हणाली. "सवाष्णीला शेवटी माहेरची साडी लागती. तुम्हाला भाऊ नाही, आई-दादा गेले. म्हणजे ती तुमच्याकडूनच यायला पाहिजे. हिरवी. अन् कोरी बघा, कुणाच्या अंगाला लागलेली चालत नाही. आणून ठेवा, म्हणजे ऐनवेळी पळापळ नको."

दमयंती "आणते" म्हणाली. कोथिंबीर संपलीय, येताना आणा, असं कुणी म्हटल्यावर म्हणावं तसं. कप पालथा घातला, पिशवी घेतली, चपला सरकवल्या, जिना उतरली, आणि फाटकाशी आलेल्या सिलिंडरच्या गाडीला वाट देताना तिच्या ध्यानात आलं की आपण हो म्हटलंय. वर ती श्वास घेतेय, आणि खाली आपण तिच्या जाण्याचं कापड आणायला निघालोय. गाडीवाल्यानं सिलिंडर दणकन जमिनीवर टाकलं. मागं फिरावं, वर जाऊन रूपाला सांगावं की नाही आणत, नाहीच आणायची मला. पण पाय रस्त्याला लागले होते. पायांना बाजाराची सवय होती. आयुष्यभर ते कुणासाठी तरी काहीतरी आणायलाच निघत आले होते, आणि आजही त्यांनी विचारलं नाही की काय, आणि कशाला.

देणं हा दमयंतीचा हात होता. कुणाचा हात पोळीला चांगला असतो, कुणाचा रांगोळीला, तिचा देण्याला. दूरध्वनी कार्यालयात नोकरी केली तोवर कुणाच्या मुलीचं लग्न असो, कुणाची वास्तुशांत, वर्गणी तिच्या हवाली करून बाकीचे निश्चिंत होत. वस्तू मोठी नको, कान मोठा हवा, असं ती म्हणे. माणूस काय हवं ते कधी सांगत नाही. पण कुठं अडतं ते बोलता बोलता त्याच्याकडून सांडतं, आणि सांडलेलं वेचायचं असतं. शेजारच्या खुर्चीवरची खुशनुमा एकदा डबा खाता खाता म्हणाली होती की रमजानात पहाटेच्या सहरीला मी गजर लावते आणि सगळं घर मला बोल लावत उठतं, सासऱ्यांना तर पुन्हा डोळाच लागत नाही. बोलणं हवेत विरलं. पुढचा रमजान यायच्या आत दमयंतीनं तिला उशीखाली ठेवायचं, नुसतं थरथरणारं घड्याळ आणून दिलं, आणि खुशनुमा ते तळहातावर घेऊन कितीतरी वेळ तसंच थरथरू देत बसली. शिपाई कडूबा निवृत्त झाला तेव्हा सगळे म्हणाले, फ्रेम केलेला देव द्या. हिनं साहेबांच्या दाराबाहेरचा त्याचा लाकडी स्टूल भंगारात निघाला होता तो सोडवला, घासून पॉलिश करून घेतला आणि त्यालाच दिला, कारण कडूबाचे गुडघे गेले होते, आणि मांडी घालून जेवता येत नाही हे तो कधीतरी हसत हसत बोलून गेला होता. "मॅडम, साऱ्या जिंदगीत ह्याच्यावरून उठून उभं ऱ्हायलो," कडूबा म्हणाला होता. "आता बसतो."

आणि असल्या बाईची स्वतःच्या पाठच्या बहिणीपाशी मात्र दरवेळी चूक व्हायची. रिक्षा जालना रोडला लागली, शेजारी बसलेल्या बाईच्या मांडीवरची मेथीची जुडी दमयंतीच्या कोपराला ओलसर लागत राहिली, आणि ती त्या चुकीकडे पुन्हा वळली, जीभ दुखऱ्या दाताकडे वळते तशी. दिवाळीला, भाऊबीजेला, भाऊ नाही म्हणून बहिणीनंच बहिणीला ओवाळायचं ठरलं होतं त्यांचं, दमयंती मृण्मयीला साडी देई. नुसती उचलून आणलेली नव्हे. आधी महिनाभर मनात विणलेली. मृण्मयी हात फिरवी, छान आहे म्हणे, घेऊन जाई. आणि ती साडी पुन्हा कधी दिसत नसे. लग्नाकार्यात मृण्मयी जुन्याच साड्यांत, नाहीतर पंजाबी ड्रेसात. दमयंतीला वाटलं, रंग चुकला. दुसऱ्या वर्षी रंग बदलला. मग पोत बदललं, काठ बदलला, रेशीम सोडून सुती घेतली, सुती सोडून पुन्हा रेशीम. सगळ्या गावाच्या मनातलं ओळखणारी मी, माझ्याच रक्ताचं मन मला वाचता येईना. शंतनू, तिचा नवरा, गेल्यानंतरचीच ही सारी वर्षं. कधी कधी तिला वाटे की विधवेनं दिलेली साडी मृण्मयीच्या सासरी चालत नसेल. असं मनात आलं की ती स्वतःचीच लाज वाटून कामाला लागे, आणि तरी ते मनात येई.

पूर्वी असं नव्हतं. त्यांच्या घरात नव्या साडीची घडी जिची तिनं मोडायची नसे. आपल्या जिवाभावाच्या बाईनं आधी नेसायची, तिचं भाग्य साडीला लागायचं, मग आपण नेसायची. हे सुरू झालं पाचोडला. वडील, दादा, तिथं पोस्टात कारकून होते. दमयंतीला पाहायला पाहुणे यायचे होते, आणि आईनं आठवडी बाजारातून, कापडवाल्याच्या पालात तासभर उकिडवं बसून, एक आबाशाई, गुलबक्षी रंगाची साडी आणली होती. मृण्मयी तेव्हा एवढीशी. तिनं अंगणात अंग टाकून दिलं की मलाच नेसव. दमयंती चिडली, आई मात्र हसली आणि म्हणाली, मोडू दे घडी, लहान्या अंगाचं भाग्य स्वच्छ असतं. त्या चिमुरडीला आईनं ती सहावारी गुंडाळायला घेतली. साडी संपेचना. गोल गोल, गोल गोल, शेवटी पोरगी सुताच्या रिळासारखी दिसायला लागली. आईनं आपल्या बांगडीतली सेफ्टी पिन काढून तिच्या खांद्यावर लावली, आणि मृण्मयी दोन पावलं टाकून उंबऱ्यात जी पडली ती पडल्यापडल्याच हसत राहिली. आई सुईत दोरा ओवताना ओव्या म्हणायची, कारण तेवढाच वेळ तिचे हात थांबलेले असत. त्या दिवशी तिनं म्हटलेली ओवी दमयंतीला अजून येत होती:

थोरलीची साडी, धाकटी घडी मोडी
सख्या गं बहिणींची, एका देठाची गं जोडी

त्यानंतर दोघींच्या कपाटात एकही साडी अशी आली नाही जिची घडी दुसरीनं मोडली नाही. मृण्मयीच्या लग्नाचा शालूसुद्धा आदल्या दिवशी दार लावून दमयंतीनं नेसला होता, आणि मृण्मयी पलंगावर मांडी घालून, केसाला तेल थापून, तिला इकडून तिकडं चालवत होती. चाल. वळ. पुन्हा चाल.

गुलमंडीच्या त्या दुकानात पांढऱ्या गादीवर गयासभाई बसले होते. त्यांची दाढी पांढरी होताना दमयंतीनं पाहिली होती. ते तिला बघून हसले, गादीवरची सुरकुती हातानं साफ केली, आणि म्हणाले, "आओ ताई. आज किसका मन लेके आये?" हा त्यांचा जुना विनोद होता, की बाकीची गिऱ्हाइकं साडी घेतात आणि ताई माणूस घेतात. दमयंतीनं हिरवी म्हटलं. डोहाळजेवण आहे का, त्यांनी विचारलं, आणि ती हो म्हणाली. खोटं इतक्या सहज निघालं की तिला क्षणभर ते खरंच वाटलं. कुठंतरी कुणाचं तरी पोट वाढत होतं. वाढतच होतं. मृण्मयीच्या पोटात पाणी साठत होतं, परकराची नाडी मोकळी सोडावी लागत होती. गयासभाईंनी पोपटी उलगडली, शेवाळी उलगडली, मोर नाचणाऱ्या पदराची उलगडली. हिरव्यावर हिरवं पडत गेलं, आणि त्या ढिगापुढं बसून दमयंतीच्या लक्षात आलं की आपला हात काम करायला लागलाय. बोटं पोत चाचपत होती. ही टोचेल. हिचा काठ जड, बरगड्यांवर रुतेल. हा हिरवा गोऱ्या रंगावर खुलतो, पण मृण्मयी आता गोरी कुठं होती. कावीळ झाल्यागत पिवळी पडली होती ती, डोळ्यांच्या पांढऱ्यापर्यंत. पिवळ्या पडलेल्या अंगाला कुठला हिरवा शोभेल? रंग जाणार नाही ना, धुतल्यावर, असं विचारायला तिनं तोंडही उघडलं होतं. ते तसंच मिटलं. तिनं एक वेगळी काढली. जुन्या चिंचेच्या पाल्याचा गडद हिरवा, काठ बोटभर, जर अगदी बेताची, पोत मऊ. बिनचूक होती ती. आजवर मृण्मयीला घेतलेल्या सगळ्यांत बिनचूक, आणि हे कळताच तिनं ती गयासभाईंपुढं सरकवली.

गयासभाईंनी साडीला खोका काढला, त्यावर सोनेरी रिबन काढली, आणि विचारलं की फॉल-पिको करवून ठेवू ना, कधी हवी आहे.

कधी हवी आहे. बाहेर कुणी तरी हातगाडीवर अंजिरं विकत होता, त्याची आरोळी आत येऊन गेली.

"नको," ती म्हणाली. "फॉल नको."

"डोहाळे की साडी, और बिना फॉल की?" ते म्हणाले, आणि मग थांबले. त्यांनी हिरव्या रंगाकडं पाहिलं, बारीक काठाकडं, तिच्या कपाळाकडं. रिबन परत खोक्यात गेली, खोका परत फळीवर गेला. साध्या खाकी कागदात त्यांनी साडी बांधली, सुतळीची गाठ मारली, आणि अगदी हळू विचारलं की कोण आहे. बहीण, ती म्हणाली. "वो छोटे ताई?" गयासभाई म्हणाले. "आते थे ना तुमारे संगात. आईने के सामने तुम खड़े रहते, और पसंद वो करते थे." ती उठली तेव्हा नेहमीसारखं ते "फिर आओ" म्हणाले नाहीत. पुडकं मात्र त्यांनी दोन्ही हातांनी दिलं.

ती परतली तेव्हा उन्हं कलली होती. शनिवार होता, रूपा मारुतीला तेल घालायला निघाली होती, वैजनाथ गोळ्या आणायला गेला होता. दारातच रूपानं पुडकं वरून चाचपलं. हिरवीच ना, तिनं विचारलं, आणि बरं झालं, एक काम मिटलं म्हणत ती जिना उतरून गेली. दमयंतीनं पुडकं पिशवीत तळाला घातलं, वर वाटेत घेतलेली मोसंबी ठेवली, आणि आत गेली. मृण्मयी जागी होती. उशीवर तिचं डोकं लहान मुलीच्या डोक्याएवढं दिसत होतं. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत म्हणून रूपानं त्यांना दोरा गुंडाळला होता. "काय आणलंस?" तिनं विचारलं. दमयंती दारात दिसली की ती कायम हेच विचारायची, शाळेत असल्यापासून.

"काही नाही गं. मोसंबी."

"अक्का, खोटं बोलताना तू पदर सारखा करतेस." ती जरा दम घ्यायला थांबली. "ऐकलंय मी सगळं. मटार सोलताना वन्संचा आवाज मोठा होतो. दाखव."

दमयंतीनं मोसंबी एकेक करून टेबलावर ठेवली. जितका वेळ लागेल तितका लावला. मग पुडकं काढलं. सुतळीची गाठ तिला सुटेना. मृण्मयी बघत होती, घाई न करता, ओवाळणीच्या ताटापुढं बसल्यासारखी. साडी तिच्या हाताखाली ठेवली तेव्हा तिनं बोटं पसरली, पोताच्या एका दिशेनं नेली आणि परत आणली. "काठ बारीक घेतलास," ती म्हणाली. "बरं केलंस. जाड काठ टोचला असता." खिडकीबाहेर रेल्वे गेली; खिडकीच्या काचा थरथरल्या आणि गप्प झाल्या. मृण्मयी डोळे मिटून पडली होती, हात साडीवर. दमयंतीला वाटलं लागला डोळा, आता पुडकं उचलून ठेवावं. तेवढ्यात मृण्मयी म्हणाली, कपाटाचा खालचा कप्पा उघड.

कप्प्यात डांबराच्या गोळ्यांचा वास कोंडला होता. जुन्या मलमलीच्या तुकड्यांत, एकावर एक, त्या सगळ्या होत्या. दमयंतीनं ओळखल्या. रंग चुकला म्हणून बदललेला रंग, काठ चुकला म्हणून बदललेला काठ. सगळ्यांत खालची वांगी रंगाची, रेशमी. शंतनू गेल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीची. दुकानातल्या घडीत जशीच्या तशी. काढ ती, मृण्मयी म्हणाली. दमयंतीनं ती बाहेर घेतली, उलगडण्यासाठी दोन्ही टोकं धरली, आणि साडी तिच्या हातात घडीवर सुटली. आवाजसुद्धा झाला नाही. जिथं जिथं घडी होती तिथं तिथं एक सरळ चीर, आणि त्या चिरेतून खिडकीतला उजेड आला.

"विरलीय," मृण्मयी म्हणाली. "ठेवलेलं रेशीम घडीवरच जातं."

"नेसायची होतीस गं." दमयंतीचा आवाज चिडका आला, तिला तसा आणायचा नव्हता. "आवडली नव्हती तर तेव्हाच सांगायचं. बदलून आणली असती."

"आवडली नव्हती?" मृण्मयीनं मान तिच्याकडं वळवली. "तू घडी कुठं मोडलीस?"

दमयंती पलंगाच्या कडेला बसली. मांडीवर ती चिरलेली वांगी साडी होती. त्या दिवाळीला मृण्मयी आली होती, नेहमीसारखी, तिनं स्वतः घेतलेली नवी साडी पिशवीत घालून. हसत म्हणाली होती, चल, दार लाव, घडी मोडून दे. आणि दमयंतीनं, अगदी मायेनं, तिच्या गालावरून हात फिरवून म्हटलं होतं की आता माझ्याकडून नको गं, तू सवाष्ण आहेस, सवाष्णीकडून मोडून घे. कुणी सांगितलं नव्हतं तिला असं म्हणायला. सासूनं नाही, भटजीनं नाही. रात्रंदिवस विचार करून तिनं स्वतःच ते ठरवलं होतं. आपल्या कपाळाची सावली बहिणीच्या संसारावर नको. आजवर कुणाला दिलं नाही इतकं जपून, इतकं विचारपूर्वक दिलेलं देणं होतं ते. आणि मृण्मयीनं ती साडी परत पिशवीत घातली होती, तिच्यावर ओवाळणीत मिळालेली ही वांगी तशीच ठेवली होती, चकली खाल्ली होती, आणि दिवे लागायच्या आत निघून गेली होती. आता आठवलं, की जाताना ती बोलली नव्हती. तेव्हा दमयंतीला वाटलं होतं की तिला पटलं.

"मला वाटायचं, या दिवाळीला तरी तू नेसून बघशील अन् मग देशील," मृण्मयी म्हणाली. शब्दाशब्दाला ती थांबत होती, पायऱ्या चढणाऱ्या म्हाताऱ्या माणसासारखी. "तू आपली पिशवीतून काढून हातात द्यायचीस. कोरीच्या कोरी. सगळ्या गावाचं न सांगता ऐकतेस, अक्का. माझ्या बाजूचा कान तेवढा तुझा बंद."

"एकदा बोलायचं होतंस."

"तू दुसऱ्यांना कुठं बोलायला लावतेस? मी म्हटलं मलापण न बोलता देशील."

दमयंतीला रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं. तिला फक्त तो कप्पा दिसत होता. एकेका वर्षाची एकेक घडी, अंधारात, आतल्या आत बारीक होत गेलेली. तिला आईची दुसरी ओवी आठवली, जी आई मुलींना सासरी धाडल्यानंतर म्हणू लागली होती:

बोळवली लेक, काय बांधलं पदरात
बांधलं ते सांडलं गं, माझ्याच उंबऱ्यात

"ही मोड आता," मृण्मयी म्हणाली. हिरव्या साडीवरचा हात तिनं उचलला नाही, नुसती बोटं हलवली.

"मनू, ही नाही. हिला कोरी लागते. रूपानं बजावून सांगितलंय."

"मग बाकीच्या कुठल्या मोडतेस? त्यांना भोकं पडलीत." हसायला गेली आणि तिला खोकला आला, दमयंतीनं तिला पाठीशी हात घालून उठवलं, आणि पाठीचा एकेक मणका तिच्या तळहाताला मोजल्यासारखा लागला. खोकला ओसरल्यावर मृण्मयी पुटपुटली, "नेसून परत कोरी कर. तुझा हात चांगला आहे ना. वन्सं यायच्या आत."

दमयंतीनं दार लोटलं. अंगावरची राखी सुती साडी सोडली. शंतनूनंतर तिनं हिरवा रंग अंगाला लावला नव्हता. पालेभाजी निवडतानाच काय तो तिच्या हाताशी येई. कोऱ्या कापडाचा, खळीचा वास नाकात गेला. कपाटाच्या आरशात तिनं पाहिलं नाही आधी; निऱ्या घातल्या, पदर घेतला, आणि मग पाहिलं. आरशात एक म्हातारी बाई हिरव्यागार साडीत उभी होती, कोऱ्या कपाळाची, आणि कुणाच्या तरी मरणाचं वस्त्र तिच्या अंगावर इतकं छान बसलं होतं की तिला आरशासमोरून हलता येईना. "पदर सुटतोय," मृण्मयी पलंगावरून म्हणाली. "ही पिन घे माझी." तिच्या गाऊनच्या गळ्याला लावलेली सेफ्टी पिन. दमयंतीनं ती काढली, खांद्यावर लावली. गाऊनचा गळा उघडा पडला, आणि तिथलं हाड दिसलं.

"चाल," मृण्मयी म्हणाली.

दमयंती खिडकीपासून दारापर्यंत चालली. फॉल नव्हता, साडीची कड घोट्यापाशी वर वळत होती, पायात येत होती. असू दे. ज्या कामाला ही साडी आणली त्यात चालायचं कुणाला होतं?

"वळ. पुन्हा चाल."

ती वळली, पुन्हा चालली. मृण्मयीचे पिवळे डोळे तिच्या पाठोपाठ खिडकीपर्यंत आले, दारापर्यंत गेले. त्या डोळ्यांत काय होतं ते दमयंतीला वाचता आलं नाही, आताही नाही. "मला वाटलं होतं आईसारखी दिसशील," मृण्मयी म्हणाली. "नाही दिसत." आणि मग, "बास. काढ आता. दमले मी बघून."

साडी परत घडी करताना दमयंतीनं दुकानातल्या घडीची रेघ न रेघ शोधून काढली. त्या रेघेवरच कापड मोडायचं, तळहातानं दाबायचं, निऱ्यांच्या चुण्या पलंगाच्या लाकडावर ओढून घालवायच्या. पदराच्या टोकाचा कागदी शिक्का तिनं जपून काढून ठेवला होता, तो परत चिकटवला. खाकी कागद, सुतळी, गाठ. चिरलेली वांगी मलमलीत गुंडाळून खालच्या कप्प्यात परत गेली. हात खरंच चांगला होता तिचा. जिन्यात रूपाच्या चपला वाजल्या तेव्हा ती मोसंबी सोलत बसली होती, आणि मृण्मयी भिंतीकडं तोंड करून झोपली होती, किंवा तसं दाखवत होती.

त्या दोघी पुन्हा बोलल्या नाहीत. म्हणजे पाणी देऊ का, उशी वर घेऊ का, एवढंच. घडी मोडली म्हणून काही जुळलं असं दमयंतीला वाटलं नाही. कपाटाचा खालचा कप्पा तिथंच होता. एका सकाळी वैजनाथ चमच्यानं पाणी पाजत होता, आणि ते पाणी ओठाच्या कडेनं उशीवर उतरलं.

समोरच्या घरातली मोनिका आली, गल्लीतल्या आणखी दोघीतिघी आल्या. मृण्मयीला न्हाऊ घातलं. रूपानं कपाटावरचं पुडकं काढलं, आणि दमयंती पुढं झाली तेव्हा तिच्या दंडाला धरून, अगदी हळू, म्हणाली, "अक्का, हे सवाष्णींनीच करायचं असतं. तुम्ही जरा दाराशी थांबा." दमयंती दाराशी थांबली. तिनं स्वतःच तर हे ठरवून दिलं होतं, कितीतरी वर्षांपूर्वी, मायेनं. रूपानं सुतळी तोडली, कागद उघडला, साडीवर हात फिरवला आणि मोनिकेला म्हणाली, "बघ, कोरी करकरीत. माहेर असावं तर असं." बायकांनी साडी गुंडाळायला घेतली. ते अंग इतकं उरलं नव्हतं की साडी संपावी. गोल गोल, गोल गोल. एक फेर, पुन्हा एक फेर, कंबरेखालून हात घालून पुन्हा एक. शेवटी तिघी थांबल्या आणि उरलेलं कापड छातीवर तसंच पसरून दिलं. साडीची कड पावलांपाशी वर वळली होती. डाव्या खांद्याशी, पदराच्या काठालगत, पिनेची दोन बारीक भोकं होती. दारातून ती दिसणं शक्य नव्हतं, पण दमयंतीला दिसत होती. तिनं बहिणीला दिलेल्या साड्यांपैकी, शंतनू गेल्यानंतर, मृण्मयीच्या अंगावर आलेली ही पहिली. मोनिका हळदीकुंकवाची वाटी घेऊन पुढं आली, तिच्या पाठीआड खांदा झाकला गेला.

तेरावं झालं. रूपा जालन्याला परतायच्या तयारीत होती. भांडी घासून, घर आवरून, भावाला डबा लावून देऊन. दमयंती निघाली तेव्हा वैजनाथ आतून एक मोठी कापडी पिशवी घेऊन आला. तो इतके दिवस फारसं बोललाच नव्हता. आता बोलायला काहीतरी मिळालं म्हणून की काय, त्याचा चेहरा जरा सैल झाला होता.

"अक्का, खालच्या कप्प्यात ह्या होत्या," तो म्हणाला. "तिला तुम्हीच दिलेल्या. मलमलीत गुंडाळून ठेवल्या होत्या तिनं, मी उघडून नाही बघितल्या. वरून तर सगळ्या कोऱ्या करकरीत दिसायल्यात. रूपा म्हणाली, जाणारीच्या साड्या वाटून टाकायच्या असतात." त्यानं पिशवी तिच्यापुढं केली. "मला त्यातलं काही समजत नाही. तुम्हाला बरोबर कळतं, कुणाला काय द्यावं."

दमयंतीनं त्याच्याकडं पाहिलं. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण तुटलेलं. याला काय हवंय ते तिला ऐकू आलं, लख्ख, नेहमीसारखं. त्यानं ह्या कपाटात ठेवायला नकोत, आणि टाकायलाही नकोत, एवढंच त्याला हवं होतं.

"देते," ती म्हणाली.

रिक्षात तिनं पिशवी मांडीवर घेतली, दोन्ही हात खालून लावून, उभी धरून, धक्का लागणार नाही अशी. रस्ता खोदलेला होता. प्रत्येक खड्ड्याला ती पिशवी वर उचलून धरत होती.